‘हात कडक आहेत’ : कोल्हापूरच्या एका यष्टिरक्षकाचं प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं, ते आता हयात नाहीत. इथे त्यांना नुसतं ‘आबा’ म्हणतो. पेठ, क्लब, ऑफिस यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. आबांच्या शेवटच्या दोन-तीन हिवाळ्यांत रंकाळ्याच्या कट्ट्यावर झालेल्या गप्पा, त्यांची निळ्या पुठ्ठ्याची वही आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या आठवणी, एवढ्यावर हे लिहिलं आहे. दोघा भावांचं एका मुद्द्यावर शेवटपर्यंत पटलं नाही. तो वाद मी मिटवलेला नाही.

मी स्वतः पोरांना कीपिंग, म्हणजे यष्टिरक्षण, शिकवतो. त्यामुळे हे वाचताना माझा कल कुठे झुकतो ते कळेलच.

पार्श्वभूमी

आबांचे वडील तालमीतले. पोरानं अंगाला लाल माती लावावी ही त्यांची इच्छा, आणि सोळाव्या वर्षापर्यंत आबांनी ती लावलीही. पहाटे जोर-बैठका, मग हौदातली माती उकरायची, मग शाळा. कुस्तीत ते फार पुढे गेले नाहीत, वजनच भरलं नाही. पण रोजच्या तीनचारशे बैठकांनी मांड्या अशा घडल्या, की दिवसभर स्टंपांमागे उकिडवं बसूनही संध्याकाळी सायकल हाणत घरी यायचे. वस्तादांचं एक सांगणं त्यांच्या तोंडी कायम असायचं : “समोरच्याच्या डोळ्यात बघू नगंस. डोळं फसवत्यात. कमरंकडं बघ.” स्टंपांमागे ते हेच जरा फिरवून वापरत. बॅट कुठे फिरते ते बघायचं नाही, चेंडू बघायचा. बॅट फसवते.

कीपिंग हातात आलं ते अपघातानंच. राजाराम कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना सरावाच्या एका सामन्यात नेहमीचा कीपर आला नाही. “बैठका मारणारं पोरगं कोण हाय?” अशी विचारणा झाली आणि पॅड आबांच्या पायांत आले.

तो काळ कोल्हापूरसाठी उलथापालथीचा होता. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि कोल्हापूरची कॉलेजं मुंबईकडून पुण्याकडे गेली. खेळाडूच्या दृष्टीनं ही बारीकसारीक गोष्ट नव्हती. काल ज्याच्या नजरेत भरायचं तो माणूस मुंबईत होता, आज तो पुण्यात. पूर्वी गुणी खेळाडूला दरबारी नोकरीचा आधार मिळायचा. इंदूरच्या होळकरांनी आणि बडोद्यानं तर त्यावर संघच्या संघ उभे केले. कोल्हापुरात तो दरवाजा आबांच्या ऐन उमेदीत बंद झाला.

आता थोडं खेळपट्टीबद्दल, कारण पुढचा बराचसा गुंता तिथलाच आहे. गावोगावी तेव्हा सामने काथ्याच्या मॅटवर व्हायचे. मॅट ताणून कडेनं खिळे ठोकायचे. मॅटवर चेंडू उसळतो, आणि बऱ्यापैकी भरवशानं उसळतो. फिरकी तर चावतेच. कीपरला चेंडू कमरेच्या वर मिळतो आणि त्याला लवकर उठायची सवय लागते. टर्फवर, म्हणजे गवताच्या खेळपट्टीवर, तोच चेंडू गुडघ्याखाली राहतो. मॅटवर वाढलेला कीपर टर्फवर गेला, की पहिला तासभर चेंडू त्याच्या हाताखालून निघतात आणि बायच्या, म्हणजे बॅटला न लागता निसटलेल्या चेंडूंवरच्या, धावा फळ्यावर चढतात. आबांना हे ऐकून माहीत होतं, पण हातांना माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट, त्या काळचे कीपर मध्यमगती गोलंदाजालाही स्टंपांना चिकटून उभे राहात. आकडेच बघा. भारताचे कीपर प्रबीर सेन यांच्या १४ कसोटींतल्या ३१ बळींपैकी ११ यष्टिचीत. नरेन ताम्हाणे यांच्या २१ कसोटींत ५१ बळी, त्यांतले १६ यष्टिचीत. म्हणजे जवळपास दर तीन बळींमागे एक. आजच्या कसोटी कीपरचे आकडे याच्या जवळपासही जात नाहीत. स्टंपांना चिकटून उभं राहायचं, तर चेंडूला बॅटची कड लागल्यावर हात हलवायला वेळच नसतो. चेंडू बोटांवर येणार, हे गृहीतच.

आणि बोटांवर होतं काय? फाळणीपूर्वी खेळाचं चांगलं सामान सियालकोटचं. १९४७ नंतर तिथले बरेच कारागीर जालंधर आणि मेरठला आले, पण नवा धंदा बसायला वेळ लागतोच. आबांची ग्लोव्हजची जोडी जुनी, दोघांचे हात लागून तिसऱ्याकडे आलेली. तळव्याचं रबर गुळगुळीत झालं, तेव्हा चप्पल लाइनीतल्या एका कारागिरानं त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवून कडेनं शिवून दिलं. ती जोडी मी हाताळली आहे. उजव्या ग्लोव्हमध्ये अनामिकेच्या टोकाला आतून चामड्याची एक टोपी शिवलेली आहे, बोटभर जाड. बाकी नऊ बोटांना काही नाही.

अडचण

कोल्हापूर लांब पडलं, पुण्यानं डावललं, अशी एक तयार कहाणी आपल्याकडे असतेच. आबांचे भाऊ तीच सांगतात. मला ती पुरत नाही. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचेच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ४४३ काढले. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर असताना समोरचा संघ सामना सोडून निघून गेला. सदाशिव पाटीलही कोल्हापूरचे. १९५५ मध्ये मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध ते कसोटी खेळले. म्हणजे गावावर शिक्का नव्हता.

पण निंबाळकर फलंदाज, पाटील गोलंदाज. संघात फलंदाज सहा असतात, गोलंदाज चार-पाच. कीपर एकच. तो आजारी पडला, रुसला किंवा वरच्या संघात गेला, तरच दुसऱ्याची पाळी येते. आणि महाराष्ट्राच्या संघात ती जागा नाना जोशी यांची होती. ते पुढे १२ कसोटी खेळले. अशा माणसाच्या मागे रांगेत उभं राहायचं होतं.

रांगही लांब होती. रणजी स्पर्धा तेव्हा बाद पद्धतीची होती. विभागवार साखळी सामने १९५७-५८ पासून सुरू झाले. त्याआधी पहिल्या सामन्यात हरलं की हंगाम संपला. राखीव कीपरला संधी मिळणार ती वर्षाला एक-दोन सामन्यांत, तीही पहिल्याचं काही बिनसलं तर. उलट एखादा सामना असा, की कीपरचं कंबरडंच मोडावं. मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबईनं महाराष्ट्राविरुद्ध ६५१ आणि ८ बाद ७१४ केल्या. दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा. आबा म्हणायचे, “त्या मॅचला मी न्हवतो त्येचं वाईट वाटत न्हाई. पर मांड्या माज्या टिकल्या असत्या.”

पहिला निर्णय : नोकरी

यावर मी थोडकंच लिहितो, कारण माझ्या मते इथं फारसा निर्णय नव्हताच. वडील थकले होते, पाठच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. १९५० मध्ये आबांना कोल्हापुरातच सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. दुसरीकडे एका ओळखीच्या माणसानं पुण्याला बोलावलं होतं. खोली बघून देतो, एका क्लबात खेळवतो, नोकरीचं नंतर बघू. ‘नंतर बघू’वर दोन बहिणी उजवता येत नाहीत. आबा राहिले.

भावाचं म्हणणं, हीच चूक. पुण्याला गेले असते तर टर्फवर हात बसला असता, रोज नजरेसमोर राहिले असते. निंबाळकर महाराष्ट्र, बडोदा, होळकर, रेल्वे असे फिरले म्हणून टिकले, असा त्यांचा दाखला. दाखला बरोबर आहे. पण निंबाळकर फलंदाज होते आणि धावा वहीत लिहिलेल्या असतात. नव्या गावात ते ती वही दाखवू शकत होते. कीपरनं न सोडलेले झेल कुठल्या वहीत असतात?

(आबांच्या वहीत होते म्हणा. त्यावर पुढे येतो.)

दुसरा निर्णय : बोट

नोव्हेंबर १९५१ च्या सुरुवातीला दिल्लीत इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी झाली. नाना जोशी तिथं कसोटीत उतरले. महाराष्ट्राच्या स्टंपांमागची जागा निदान त्या हंगामापुरती हलू शकते, हे सगळ्यांनाच दिसत होतं. आबांना पुण्याच्या एका निवड-सामन्याचं बोलावणं आलं. कीपर म्हणून. आयुष्यातलं पहिलं, आणि शेवटचंही, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक.

सामन्याला तीन आठवडे असताना रविवारी कोल्हापुरात स्थानिक सामना होता. ऑफस्पिनर टाकत होता. मॅटला एका जागी सुरकुती पडली होती, खिळा सैल झालेला. चेंडू तिथं पडून उभा उसळला आणि उजव्या हाताच्या अनामिकेच्या टोकावर समोरून आदळला. आबांनी ग्लोव्ह काढला नाही. दोन ओव्हर तशाच काढल्या. चहाला ग्लोव्ह उतरवला तेव्हा बोटाचं शेवटचं पेर खाली वाकलेलं होतं. सरळ करायला गेले तर होईना. दुसऱ्या हातानं वर उचललं की सरळ, सोडलं की पुन्हा खाली. गावठी भाषेत बोटानं मान टाकली होती.

कीपिंग शिकवणाऱ्या कुणालाही हे बघताक्षणी कळेल. बोटाचं टोक सरळ धरणारी शीर पेराच्या हाडापासून तुटते, कधी हाडाचा कपचाही घेऊन येते. यात दुखणं चार दिवसांत कमी होतं आणि इथेच माणूस फसतो. उपाय सोपा, पण चिकाटीचा. पट्टी लावून पेर सहा ते आठ आठवडे सरळ ठेवायचं, आंघोळीलाही वाकू द्यायचं नाही. एकदा वाकलं की मोजणी पुन्हा एकपासून.

आबा आधी तालमीत गेले. वस्तादांनी बोट ओढून बघितलं, आंबेहळदीचा लेप देऊन बांधलं. निखळलेल्या सांध्याला हा इलाज चालला असता. हे निखळणं नव्हतं. दोन दिवसांनी भावानं हट्टानं डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी लाकडी पट्टी बांधली आणि सांगितलं, सहा आठवडे.

हातात तीन होते.

समोर असलेले पर्याय

आबांनी त्या वेळी काय काय मनात घोळवलं, हे मी त्यांना तीन वेगवेगळ्या बैठकांत विचारलं. उत्तर दर वेळी थोडं वेगळं आलं, पण चार वाटा कायम होत्या.

एक, पुण्याला पत्र टाकायचं : बोट मोडलंय, हा सामना जमणार नाही, पुढे बघावं. दुसरी, जायचं, पण आल्या आल्या बोट दाखवून म्हणायचं की फलंदाज म्हणून बघा. आबा सहाव्या-सातव्या क्रमांकावर बरे खेळायचे, पण तेवढ्यावर कुणी घेतलं नसतं, हे ते स्वतःच कबूल करायचे. तिसरी, पट्टीसकट खेळायचं. पट्टी घालून ग्लोव्हमध्ये बोट शिरत नव्हतं, त्यांनी करून बघितलं होतं. चौथी, कुणाला काही न सांगता पट्टी काढून उभं राहायचं.

पहिल्या वाटेवर ते का गेले नाहीत? मला हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, “कीपरचं कसं हाय, ग्लोव्हज एकदा दुसऱ्याला दिलं की दिलं. बॅट्समन परत येतो. बॉलर परत येतो. आमचं तसं न्हाई.” जोशींची जागा हलू शकते म्हणून यांना बोलावणं आलं होतं. मग आपण हललो तर आपल्या जागी कोण येणार, हाही हिशोब त्याच पाठीला लागलेला. हे काही भ्याडपण नव्हे. जवळपास प्रत्येक कीपर असाच विचार करतो. त्या मालिकेत तर भारतानंच तीन कीपर खेळवले, जोशी, माधव मंत्री आणि सेन. शेवटच्या मद्रास कसोटीत विनू मांकडच्या गोलंदाजीवर सेननं पाच जणांना यष्टिचीत केलं आणि १० फेब्रुवारी १९५२ ला भारतानं आपली पहिलीवहिली कसोटी जिंकली. मालिका सुरू झाली एकाच्या ग्लोव्हजमध्ये आणि संपली दुसऱ्याच्या. वरच्या पातळीवर ही गत, तर निवड-सामन्याच्या पोराची काय?

दुसरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, उठता उठता. तालमीतल्या पोरानं बोट दुखतंय म्हणून कुस्ती सोडली, हे वडिलांना सांगायचं कसं.

चौथी वाट धरली. फक्त भावाला माहीत होतं.

पुण्याचा सामना

एकोणिसाव्या दिवशी पट्टी सोडली. पेर अजून किंचित झुकलेलंच होतं. त्यांनी अनामिका आणि मधलं बोट चिकटपट्टीनं एकत्र बांधलं, त्यावर पातळ सुती आतले ग्लोव्हज आणि वर मुख्य जोडी. चामड्याची टोपी तेव्हाची, चप्पल लाइनीतल्या त्याच कारागिराकडून आदल्या दिवशी शिवून घेतलेली. त्याला कारण सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही, पण पैसे घेतले नाहीत, हे आबांना साठ वर्षांनीही आठवत होतं.

रात्रीची गाडी मिरजेवरून. सकाळी पुणे, आणि थेट मैदान.

खेळपट्टी टर्फची. पहिल्या तासाभरात अकरा बाय गेल्या, आकडा वहीतला आहे. बोटाचा यात काही दोष नव्हता. ते मॅटच्या सवयीनं लवकर उठत होते. जेवणानंतर हात बसू लागला. वस्तादांची कमर आठवली, खाली थांबले, आणि एका डावखुऱ्या फिरकीपटूच्या चेंडूवर पुढे गेलेल्या फलंदाजाला असा उडवला, की स्क्वेअर लेगच्या पंचानं हसून बोट वर केलं. बेल्स पडल्याचा आवाज आबा टाळी वाजवून दाखवायचे.

चहानंतर एका मध्यमगती गोलंदाजाला ते स्टंपांना चिकटून उभे राहिले. सांगितलं कुणी नव्हतं, हौस होती. पाचव्या की सहाव्या चेंडूवर कड लागली. चेंडू उजव्या ग्लोव्हमध्ये आला आणि बाहेर पडला. झेल सुटावा तसा सुटला नाही, उडाला. बांधलेली दोन बोटं मिटलीच नव्हती. पुढच्या ओव्हरला असाच दुसरा. तिसऱ्यांदा कड लागली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. चेंडू येण्याआधी हात मागे घेणं म्हणजे काय, ते ज्यानं कीपिंग केलंय त्याला सांगायला नको. बघणाऱ्यांनाही ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक झेल घेतला, एक धावबाद घडवला. संध्याकाळी पॅड सोडताना मागे दोघं बोलत होते. त्यांतला एक म्हणाला, “पाय फार चांगले आहेत. पण हात कडक आहेत.”

आबा वळले नाहीत. बोट दाखवावं असं क्षणभर वाटलं, असं ते म्हणाले. पण आता दाखवलं तर पहिला प्रश्न येणार : मग खेळलास कशाला? लपवलं म्हणून तर हात कडक दिसले, आणि लपवलं म्हणूनच ते कडक नाहीत हे सांगता येईना. मोडलेलं बोट तंत्रातला दोष म्हणून नोंदलं गेलं.

परिणाम

निवड झाली नाही, राखीव म्हणूनही नाही. बोट तसंच राहिलं. मी बघितलं तेव्हा अनामिकेचं टोक हंसाच्या मानेसारखं वाकलेलं आणि सांधा बोरासारखा सुजलेला होता. जपमाळ ओढताना मणी तिथं अडायचा, त्याचं त्यांना हसू यायचं.

‘हात कडक’ हा शेरा मात्र त्यांच्या आधी गावात पोचला. कोण घेऊन आलं ते कळलं नाही. क्लबातली पोरं थट्टेत म्हणू लागली. आणि खरी हानी इथं झाली असं मी मानतो. आबांनी ते खरं धरलं. जे हात कधीच कडक नव्हते ते मऊ करायच्या नादात त्यांनी पकडच बदलली, कोपर बाहेर काढलं, चेंडू अंगाजवळ येऊ देऊ लागले. वहीत याचा पुरावा आहे. प्रत्येक सामन्याला तीन रकाने : झेल, यष्टिचीत, आणि तिसरा ‘सुटले’. स्वतःचे सुटलेले झेल लिहून ठेवणारा दुसरा कीपर मला अजून भेटलेला नाही. त्या दुखापतीच्या आधी चार वर्षांत तिसऱ्या रकान्यानं एक पान भरत आणलेलं. नंतरच्या एकाच हंगामात दुसरं पान भरलं. बोटाचा वाटा असेल, नाही असं नाही. पण नोंदी नीट वाचल्या तर डाव्या हाताकडचे सुटलेलेही वाढलेले दिसतात. डाव्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

१९५३ च्या सुरुवातीला भारतीय संघ पहिल्यांदाच वेस्ट इंडीजला गेला आणि नाना जोशी त्यात होते. जागा पुन्हा हलली. एका मित्रानं आबांना सुचवलं, पुण्याला जाऊन भेट, बोट दाखव, सगळं सांग. आबांनी रजेचं कारण पुढे केलं. हिशोबाचे महिने, साहेब रजा देणार नाही. अर्ज केलाच नव्हता, हे भावाकडून कळलं.

जिल्ह्याच्या क्रिकेटात मात्र ते पुढे बरीच वर्षं खेळले. साठच्या आसपास एका मोसमात पकड जुनी झाली, तिसरा रकाना आखडला. विचारलं तर म्हणाले, “वय झालं, कोण काय म्हणतंय ह्येचं ध्यान ऱ्हायलं न्हाई.”

वेगळं काय करता आलं असतं

भावाचं उत्तर ठरलेलं : १९५० ला पुणे. मी ते खोडून काढत नाही, पण त्या घरात ते परवडणारं नव्हतं.

माझ्या मते वळणाची जागा सामन्याच्या आधीचे तीन आठवडे नव्हेत, तर सामन्यानंतरची पाच मिनिटं आहेत. बोट लपवून खेळणं चुकीचं होतंच. सहा आठवडे पट्टी ठेवली असती तर बोट बहुधा सरळ झालं असतं, आणि कीपरची कारकीर्द बोटांवरच असते. तरी बावीस वर्षांच्या पोरानं ते केलं, हे मी समजू शकतो. पण पॅड सोडताना ‘हात कडक’ ऐकल्यावर ग्लोव्ह काढून बोट पुढे केलं असतं, तर काय बिघडणार होतं? निवड तशीही गेलेली होती. ओरडा बसला असता. पण शेरा वेगळा झाला असता. ‘हात कडक’च्या जागी ‘बोट मोडलेलं असून खेळला, अडाणी’. अडाणीपणा पुढच्या हंगामापर्यंत जातो.

आबांना हे मी म्हटलं, तेव्हा ते बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “तुला सोपं हाय.” खरंच आहे. ज्या माणसानं शेरा मारला त्यानं ‘हात दाखव बघू’ असं म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. कीपरच्या हातून दोन झेल एकाच ग्लोव्हमधून, एकाच बोटापाशी उडतात, तेव्हा आधी हात बघायचा की तंत्र? हा प्रश्न आबांना विचारण्याऐवजी आम्ही शिकवणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा. मीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत एका पोराला दोन महिने ‘हात सैल सोड’ म्हणून झापलं होतं. त्याच्या अंगठ्याचा सांधा सुजलेला होता आणि मी एकदाही ग्लोव्ह काढायला लावला नव्हता.

टर्फचंही सांगायला हवं. अकरा बाय टाळता आल्या असत्या. सरावाला मॅट गुंडाळून नुसत्या जमिनीवर तासभर चेंडू घेतले असते, तरी खाली थांबायची सवय लागली असती. तीन आठवड्यांत डाव्या हातानं एवढं जमण्यासारखं होतं. आबांना ते सुचलं नाही, सुचवणारंही कुणी नव्हतं. गावात कीपरला शिकवणारा कीपर नसायचा. अजूनही फारसा नसतो. फलंदाजीचा प्रशिक्षक जाता जाता दोन कॅच देतो, झालं कीपिंग.

आमच्याकडे आता सरावाच्या आधी दोन्ही कीपर ग्लोव्हज घालण्यापूर्वी हात पुढे करतात, तळवे वर आणि मग खाली. दोघंही सामने आलटून पालटून खेळतात, ठरवूनच. त्यामुळे आम्ही दोन सामने हरलो आहोत आणि पालकांची बोलणी खाल्ली आहेत. गेल्या महिन्यात धाकटा कीपर हात पुढे करताना उजवी करंगळी मुठीत ठेवून उभा होता. मी म्हटलं, उघड. तो म्हणाला, “काय न्हाई सर, चावी घट्ट धरलीय सायकलची.” सायकल तो घेऊन आलाच नव्हता.